आनंदाची बातमी ऐकताना आणि सांगताना या चुका टाळा

साताऱ्यातल्या एखाद्या घरात मुलीचे नाव पोलीस भरतीच्या अंतिम यादीत लागते. ती धापा टाकत सांगते, "आण्णा, यादीत नाव आलं!" आणि आण्णा म्हणतात, "बरं झालं. पण ट्रेनिंगला लांब जावं लागंल की." काळजी खरी असते, मात्र ती पहिल्याच वाक्यात आल्यामुळे मुलीचा आनंद जागच्या जागी मावळतो. आनंदाच्या बाबतीत आपल्या घरांत सर्वाधिक होणारी चूक हीच, असे माझे ठाम मत आहे.

मानसशास्त्रज्ञ शेली गेबल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात चांगल्या बातमीला मिळणारे चार प्रतिसाद मांडले: रस घेऊन विचारपूस करणे, नुसते ‘छान’ म्हणून थांबणे, खोट काढणे आणि विषयच बदलणे. यांपैकी केवळ पहिल्याचा जोडीदारांच्या समाधानाशी चांगला संबंध आढळला. कंदी पेढ्यांचा पुडा आणून लगेच बातम्या लावणे हेसुद्धा ‘छान’ म्हणून थांबणेच होय. त्याऐवजी "यादी कुठं बघितलीस? आधी कुणाला सांगितलंस? मैदानावर धावताना काय वाटत होतं?" असे विचारावे, म्हणजे तो क्षण तिला पुन्हा जगता येतो, ट्रेनिंगची चर्चा दुसऱ्या दिवशीही करता येते.

सांगणाऱ्याच्याही चुका असतात. "नशीब होतं म्हणून झालं" असे म्हणून स्वतःची मेहनत पुसून टाकू नये. थोड्या गुणांनी हुकलेल्या मैत्रिणीला आपले यश स्टेटसवरून कळू देऊ नये. आधी फोन करावा आणि तिला बोलू द्यावे. गुलाल जरूर उधळावा, पण डोळे जपून, आणि रात्री १० नंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावू नये, कारण नियमानुसार सकाळी ६ पर्यंत त्याला बंदी असते.

आनंदाच्या भरात दिलेला शब्द मात्र महागात पडतो. बेदाण्याला चांगला दर मिळाला की त्याच संध्याकाळी गाडी बुक करणे किंवा कुणाला जामीन राहणे टाळावे. दोन रात्री जाऊ द्याव्यात. झोप फार कमी होऊनही थकवा नाही, बोलणे आवरत नाही आणि पैसा उधळला जातो, अशी अवस्था अनेक दिवस टिकली, तर तो निव्वळ आनंद समजू नये. मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर बोलावे.