ईएमसी चाचणीला जाण्याआधी केबल उघडून बघा

ईएमसी चाचणी म्हणजे यंत्राचा विद्युतचुंबकीय गोंगाट इतरांना त्रास देतो का आणि बाहेरच्या गोंगाटाने ते स्वतः बिघडतं का, याची तपासणी. लॅबची तारीख मिळाली की जो तो आधी सर्किट बोर्डाकडे धावतो. बोर्ड बघायचाच आहे, पण त्याआधी ग्राहकाच्या हातात जी केबल पडणार आहे नेमकी तीच, तेवढ्याच लांबीची, त्याच कनेक्टरची, बाजूला काढून ठेवा. प्रोटोटाइपच्या वेळी कोणीतरी जोडून दिलेली, टेबलावर पडलेली केबल नेऊ नका. मागच्या खेपेला आम्ही तीच नेली आणि चेंबरचा (बाहेरच्या रेडिओ लहरी रोखणाऱ्या चाचणी-खोलीचा) अख्खा दिवस तिच्यात गेला, म्हणून हा मुद्दा खाली पुन्हा पुन्हा येणार आहे.

मानक कोणतं ते लेखी ठरवा. संगणक किंवा मल्टिमीडिया उपकरण असेल तर सिस्पर ३२ (रेडिओ गोंगाटाच्या मर्यादांचं आंतरराष्ट्रीय मानक), आणि घरात वापरलं जाणार असेल तर क्लास बी. क्लास बीमध्ये १० मीटर अंतरावर ३० ते २३० मेगाहर्ट्झला मर्यादा ३० डीबी मायक्रोव्होल्ट प्रति मीटर, त्यापुढे १ गिगाहर्ट्झपर्यंत ३७. ३ मीटरच्या चेंबरमध्ये हेच आकडे ४० आणि ४७ होतात. क्लास ए १० डीबीने सैल आहे, म्हणून नापास व्हायला लागलं की ऐनवेळी त्याचा मोह होतो. घरगुती वस्तूला तो चालत नाही, विषय संपला.

बोर्डावर डिकपलिंग कपॅसिटर (चिपजवळचा वीजपुरवठा स्थिर ठेवणारे) असतातच, त्यात वेळ घालवू नका. ग्राउंड प्लेन (परतीच्या करंटसाठीचा तांब्याचा सलग थर) कुठे कापलं गेलंय आणि त्या फटीवरून क्लॉकची ट्रेस (तांब्याची पट्टी) जाते का, हे बघा. परतीचा करंट ट्रेसच्या बरोबर खालून वाहायला बघतो. मध्ये फट आली की तो वळसा घालतो, लूप मोठा होतो आणि मोठा लूप जास्त प्रक्षेपण करतो. गर्बर (बोर्डाच्या थरांच्या फाइली) उघडा आणि प्रत्येक क्लॉक लाइन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत स्वतः तपासा, 'ऑटोराउटरने केलंय' हे उत्तर ऐकून घेऊ नका. ड्रायव्हरच्या पायालगत सीरिज रेझिस्टरची जागा ठेवा, सध्या शून्य ओहम बसवला तरी चालेल. जागाच नसेल तर लॅबमध्ये ब्लेडने ट्रेस कापत बसावं लागतं.

आता केबल. बहुतेक यंत्रांमध्ये सर्वात मोठी अँटेना तीच असते. १ मीटरची केबल ७५ मेगाहर्ट्झच्या आसपास पाव तरंगलांबीची होते, आणि २५ मेगाहर्ट्झ क्लॉकचा तिसरा हार्मोनिक (तिप्पट वारंवारता) नेमका तिथेच येतो. करंटही फारसा लागत नाही. ५० मेगाहर्ट्झला १ मीटर केबलवरचा अवघा ५ मायक्रोअँपिअर कॉमन मोड करंट (केबलच्या सगळ्या तारांतून एकाच दिशेने वाहणारा) क्लास बीची ३ मीटरवरची मर्यादा गाठतो. बोर्डावर मिलिअँपिअरमध्ये विचार करायची सवय असलेल्यांना हा आकडा पटत नाही, पण गणित करून बघा.

'शील्डेड केबल आहे' एवढ्यावर समाधान मानू नका. कनेक्टरचं कव्हर उघडा. आमच्या केबलमध्ये शील्डची जाळी मागे सारून पिळलेली होती, वर हिरवी स्लीव्ह चढवलेली आणि ते पिगटेल (पिळलेल्या जाळीची शेपटी) एका पिनेला सोल्डर केलेलं. काम दिसायला अगदी स्वच्छ होतं. पण ५ सेंटिमीटरची अशी तार म्हणजे ढोबळमानाने ५० नॅनोहेन्री, १०० मेगाहर्ट्झला ३० ओहमच्या वर. वर ती पिन बोर्डाच्या सिग्नल ग्राउंडला जात होती, त्यामुळे बोर्डावरचा सगळा गोंगाट शील्डवर चढला आणि शील्डच प्रक्षेपण करू लागली. जाळी पूर्ण ३६० अंशात धातूच्या बॅकशेलमध्ये (कनेक्टरच्या मागच्या आवरणात) आवळलेली हवी, बॅकशेल कनेक्टरच्या कवचाला टेकलेलं हवं, आणि कवच खोक्याच्या उघड्या धातूला, केबल आत शिरते तिथेच. त्या जागी पावडर कोटिंग असेल तर खरवडून काढा. मल्टिमीटरवर विसंबू नका, तो पिगटेललाही बीप देतो. उघडून डोळ्यांनी बघा.

घरची पूर्वचाचणी टाळू नका. स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर आणि केबलभोवती बसणारा करंट प्रोब एवढं पुरतं. एकेका केबलवर प्रोब सरकवत ३० मेगाहर्ट्झपासून वर जा, कोणती केबल दोषी आहे ते लगेच कळतं. बोर्डावरचा उगम शोधायला नियर फील्ड प्रोब (बोर्डाजवळ धरायचा छोटा प्रोब) वापरा, पण त्याच्या आकड्यावरून पास-नापास ठरवू नका. फर्मवेअर सर्वात वाईट मोडमध्ये चालवा: डिस्प्ले चालू, सगळे पोर्ट डेटा पाठवताहेत, मोटर फिरतेय. आणि इथेही खरीच केबल लावा. लांबी बदलली की रेझोनन्स सरकतो आणि घरचे आकडे लॅबमध्ये निरुपयोगी ठरतात.

कंडक्टेड चाचणी (तारांतून बाहेर पडणाऱ्या गोंगाटाची) १५० किलोहर्ट्झ ते ३० मेगाहर्ट्झ. फिल्टर खोक्याच्या तोंडाशीच बसवा आणि त्याच्या आत-बाहेरच्या तारा एकत्र बांधू नका, नाहीतर गोंगाट फिल्टरला वळसा घालून निघून जातो. वाय कपॅसिटर (वीजपुरवठ्याची तार आणि अर्थ यांमधला) वाढवायचा मोह झाला तर आधी लीकेज करंटची मर्यादा तपासा.

लॅबच्या पेटीत वेगवेगळ्या व्यासाचे क्लिप फेराइट (केबलवर चढवायचे, गोंगाट अडवणारे तुकडे), कंडक्टिव्ह गोंदाची कॉपर टेप, सोल्डरिंग गन, प्रोग्रामर आणि दुसरा चालू नमुना हवा. जोडीला लॅपटॉप लागणार असेल तर त्याचा गोंगाट वेगळा ओळखता आला पाहिजे. म्हणून आपलं यंत्र बंद ठेवून एक स्कॅन आधी घ्या. केबल? खरीच. दोन संच. एका वेळी एकच बदल करा आणि लिहून ठेवा, घाईत तीन फेराइट एकदम लावले तर कोणत्याने फरक पडला ते कळत नाही.

इम्युनिटीचं, म्हणजे बाहेरचा गोंगाट सोसण्याचं, थोडक्यात. पास म्हणजे काय ते चाचणीआधी लिहा: स्क्रीन क्षणभर गेली तर चालेल का, रीसेट झाला तर? ईएसडीला (स्थिर विजेच्या झटक्याला) साधारण ४ किलोव्होल्ट कॉन्टॅक्ट, ८ किलोव्होल्ट एअर. बर्स्ट (वेगवान स्पंदांची मालिका) सिग्नल केबलवर क्लॅम्पमधून येतो, म्हणजे शील्ड कशी टेकवलीय हा प्रश्न इथेही आहेच. सर्ज (मोठ्या ऊर्जेचा व्होल्टेजचा झटका) शेवटी ठेवा, तो यंत्र जाळू शकतो.

पास झाल्यावर मांडणीचे फोटो काढा. लॅबमध्ये बसवलेला प्रत्येक फेराइट त्याच दिवशी बीओएममध्ये (सुट्या भागांच्या यादीत) चढवा. केबलच्या ड्रॉइंगवर 'शील्ड ३६० अंश, पिगटेल चालणार नाही' असं लिहून पुरवठादाराची सही घ्या, आणि पहिल्या लॉटमधली एक केबल कापून बघा.