कुरणातलं वसंतातलं तण: फुलं दिसायच्या आधी कसं गाठायचं

कुरणात पिवळी-जांभळी फुलं डोलायला लागली की आपल्याला तण दिसतं, आणि खरं सांगायचं तर तोवर अर्धा डाव हातचा गेलेला असतो. मी सुरुवातीची दोन वर्षं हेच केलं. थिसल नावाचं काटेरी तण कमरेएवढं होऊन फुललं की पंप पाठीला लावायचा, दणकून फवारायचं, झाडाने माना टाकल्या की खूश व्हायचं, आणि पुढच्या वर्षी त्याच जागी दुप्पट रोपं. बी आधीच पडून गेलेलं होतं ना! बैल गेला नि झोपा केला, दुसरं काय. वसंतातलं तण वाकून बघावं लागतं, उभ्या उभ्या दिसलं म्हणजे उशीर झाला.

आधी फेरी मारा, पंप नंतर

थंडी ओसरून गवताला नवा फुटवा यायला लागला की लगेच एक चक्कर मारायची. पाइपचे तुकडे जोडून ५० सेंटीमीटर बाय ५० सेंटीमीटरची एक चौकट करून घ्या, कुरणात नागमोडी चालत जा आणि मधे मधे न बघता ती पुढे फेका. मुद्दाम तणावर किंवा मुद्दाम चांगल्या गवतावर टाकायची नाही, तो मोह आवरा. जिथे पडेल तिथे गुडघे टेकून बसा आणि आत गवत किती, तण किती, उघडी माती किती ते अंदाजाने टक्क्यात वहीत लिहा. अशा १५-२० जागा झाल्या की चित्र कळतं. उघड्या मातीचा आकडा लोक लिहीतच नाहीत, पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा तोच, कारण तण गवताला हरवून येत नाही, गवत नसतं तिथे येतं.

खाली बसल्यावर काय दिसतं? थिसलचं कोवळं रोप म्हणजे जमिनीला चिकटून गोल पसरलेली पानांची चकती, त्याला रोझेट म्हणतात. पानांच्या कडेला बारीक काटे, मधोमध पानं दाटीने एकावर एक, आणि चकतीखालची माती बोटाने उकरली तर एकही गवताची काडी नाही, सगळी सावलीत मेलेली. थाळीएवढी एक चकती थाळीएवढं गवत खाते. वसंतात तण मारायची वेळ हीच, मधून दांडा वर निघायच्या आधीची.

कोणतं तण आहे ते ओळखा, नाहीतर मेहनत पाण्यात

ढोबळमानाने तीन प्रकार धरा. पहिले एका हंगामाचे: चिकवीड, हेनबिट वगैरे. हे शरद ऋतूत उगवतात, थंडीत दबून बसतात, वसंतात भसकन वाढून बी टाकतात आणि उन्हाळा तापला की आपोआप मरतात. यांच्यावर फार जीव काढू नका, फुलून बसलेले असतील तर फवारणीचे पैसे वाया, ते तसेही जाणारच आहेत. दुसरे दोन वर्षांचे: बुल थिसल, मस्क थिसल, बर्डॉक. पहिल्या वर्षी नुसती चकती, दुसऱ्या वर्षी दांडा, फूल, बी आणि मरण. म्हणजे बी होऊ दिलं नाही तर हिशेब तिथेच संपतो. तिसरे बहुवर्षीय, खरी डोकेदुखी: जमिनीखाली मुळं पसरवणारं क्रीपिंग थिसल, सोटमुळाचं डॉक, ओलसर जागेतलं बटरकप.

यात विषारी कोणतं ते पक्कं माहीत पाहिजे. बटरकप ताजं असताना जनावराच्या तोंडाची आग करतं, फोडही येतात, म्हणून जनावर सहसा तोंड लावत नाही, पण वाळलं की त्यातलं ते द्रव्य मोडतं आणि सुक्या गवतात फारसा धोका राहत नाही. रॅगवर्ट या पिवळ्या फुलांच्या तणाचं नेमकं उलटं. त्याचं विष वाळल्यावरही तसंच राहतं, यकृत हळूहळू खराब करतं, आणि उभं असताना कडू लागणारं हे झाड कापून किंवा फवारून कोमेजलं की जनावरं ते जास्त खातात! म्हणून रॅगवर्ट कापून तिथेच टाकू नका, ग्लोव्हज घालून उपटा, कुरणाबाहेर न्या, आणि फवारलं असेल तर झाडं पूर्ण सुकून नाहीशी होईपर्यंत जनावरं आत सोडू नका.

हाताने काढणं

चार-दोन ठिकाणीच तण असेल तर हाताइतकं चांगलं काही नाही. पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी जायचं, माती मऊ असते. दोन वर्षांच्या थिसलचं मूळ चकतीच्या ५-७ सेंटीमीटर खाली फावड्याने तोडलं की काम झालं. डॉकचं अख्खं सोटमूळ काढायच्या नादात मी कंबर मोडून घेतलीय, तशी गरज नसते, परत फुटतो तो वरचा भाग, तेवढा १०-१२ सेंटीमीटर नीट निघाला की पुरे. क्रीपिंग थिसलला मात्र खणायच्या भानगडीत पडू नका, मुळाच्या प्रत्येक तुकड्यातून नवं झाड येतं, एकाचे दहा होतात.

डॉकचं बी पडू देणं किती महागात पडतं बघा: वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम बील यांनी १८७९ मध्ये मिशिगनमध्ये वेगवेगळ्या तणांच्या बिया बाटल्यांत भरून जमिनीत पुरल्या होत्या, त्यातल्या डॉकच्या काही बिया ८० वर्षांनीही उगवल्या.

कापणी

कापायचं तर वेळ साधून. बहुवर्षीय तण दांडा वर काढून कळीवर येतं तेव्हा मुळातला साठा सगळ्यात कमी असतो, तेव्हा कापलं की त्याला खरा फटका बसतो. फार लवकर कापलं तर बुडातून चार फुटवे काढतं, उशीर झाला तर कापून पडलेल्या फुलातही बी पिकतं. एकदा कापून क्रीपिंग थिसल मरत नाही, तीन-चार आठवड्यांनी परत वर आलं की परत कापायचं, असं दोन-तीन हंगाम चिकाटीने केलं तर खचतं. आणि कापणी यंत्र एका कुरणातून दुसऱ्यात नेताना झाडूनपुसून न्या, पात्यावरच्या चिखलातून बी आरामात प्रवास करतं.

फवारणी करायचीच असेल तर

आधी लेबल वाचा, अख्खं. कोणत्या तणावर, किती मात्रा, फवारल्यावर किती दिवस चराई बंद, सगळं त्यावर असतं आणि ते औषधागणिक बदलतं. तुमच्या भागात, कुरणासाठी परवानगी असलेलंच औषध घ्या. २,४-डीसारखी तणनाशक औषधं रुंद पानांचं तण मारतात आणि गवत ठेवतात, पण क्लोव्हर हा कुरणातला चांगला चाराही रुंद पानांचाच आहे हे विसरू नका, सरसकट फवारलं तर तोही जातो. ग्लायफोसेट गवतासकट सगळंच मारतं, ते फक्त एकेका झाडापुरतं. त्यासाठी एक छान युक्ती आहे, जनावरं सोडून गवत आखूड करून घ्यायचं, तण तेवढं उंच उरतं, मग औषधात भिजलेल्या वातीचा वायपर वरून फिरवायचा, फक्त उंच झाडाला औषध लागतं.

रोझेट हिरवं, वाढतं असावं, दिवसाचं तापमान १५ अंशांच्या वर, वारा अगदी हलका. पहाटे वारा एकदम ठप्प असतो तेव्हाही नको, औषधाचे बारीक थेंब हवेत तरंगत भलतीकडे जातात. फवारणीच्या आधी आणि नंतर साधारण दोन आठवडे कापणी करू नका, पान असेल तर औषध आत जाणार.

आता पंपाचं माप, इथे भले भले चुकतात. १० मीटर बाय १० मीटर जागा आखा, पंपात नुसतं पाणी मोजून भरा, रोजच्या चालीने ती जागा फवारा, मग किती पाणी संपलं ते बघा. समजा २ लिटर संपलं, तर तेवढी जागा म्हणजे हेक्टरचा शंभरावा भाग, म्हणजे तुमची चाल हेक्टरी २०० लिटरची झाली. लेबलवर हेक्टरी २ लिटर औषध असेल तर लिटरला १० मिली, १५ लिटरच्या पंपाला १५० मिली. माझ्या पहिल्या मापात मी ठरल्यापेक्षा जवळजवळ दीडपट पाणी ओततोय असं निघालं, नोझल झिजलेलं होतं, पत्ताच नव्हता!

अजून एक सावधगिरी. अमिनोपायरॅलिडसारखी काही औषधं जनावराच्या पोटातून न बदलता शेणात येतात, असं शेणखत भाजीला घातलं तर टोमॅटो-घेवड्याची पानं वाकडीतिकडी होऊन झाडं मरतात. ते गवत आणि ते खत बाहेर देऊ नका.

गवताला उभं करा

हे केलं नाही तर वरचं सगळं दरवर्षी करत बसाल. गवत २०-२५ सेंटीमीटर झालं की जनावरं सोडा, ७-१० सेंटीमीटर उरलं की बाहेर काढा आणि त्या तुकड्याला विश्रांती द्या. गवत मुळापर्यंत खरवडलं की उन्हाला माती उघडी पडते आणि खालचं बी जागं होतं. गाई रुंद पानांची बरीचशी तणं सोडून देतात, शेळ्या मात्र थिसलची कोवळी बोंडंसुद्धा आवडीने खातात, म्हणून दोन्ही फिरवून चारलं तर बरंच काम फुकटात होतं (विषारी तण असलेल्या तुकड्यात नाही हां). माती तपासून घ्या, सामू ६ च्या खाली असेल तर आधी चुना, मग स्फुरद-पालाश बघा. तण दाट असताना नत्र टाकू नका, आधी तण तेच ओढून घेतं. उघड्या पॅचवर गवताचं बी टाका, पण औषध मारलं असेल तर पेरणीआधी किती थांबायचं ते लेबलवर बघून.

बाहेरून आणलेलं सुकं गवत एकाच ठरलेल्या कोपऱ्यात घाला, म्हणजे त्यातून काही उगवलं तर तिथेच सापडतं. नवीन जनावरंही दोन-तीन दिवस गोठ्यात ठेवून मगच सोडा, शेणातून बरंच बी येतं.

शरद ऋतूत तीच चौकट घेऊन परत फेरी मारा. क्रीपिंग थिसल आणि डॉक तेव्हा अन्न खाली मुळात पाठवत असतात, पानावरचं औषधही त्यासोबत खाली जातं, त्यामुळे वसंतात हट्टाने टिकलेली झाडं त्या फवारणीत चांगली मरतात. थिसलच्या नव्या चकत्याही तेव्हाच दिसायला लागतात, छोट्या, बशीएवढ्या, खुरप्याच्या एका घावात निघतील अशा.