औष्णिक प्रकल्प ‘गेला’ म्हणतात, तेव्हा काय तपासाल?

मोजणीवाले दोन-तीन वर्षं फिरकले नाहीत, की गावात बोललं जातं, “कोळशाचा प्रकल्प गेला.” तहसील कचेरीबाहेर मी अर्ज लिहून देतो. असं सांगणाऱ्या प्रत्येकाला मी विचारतो, “रद्द झाल्याचा कागद बघितलात?” सिंधुदुर्गातल्या गिर्येचा ४००० मेगावॉटचा प्रकल्प आंबा बागायतदारांनी उभा राहू दिला नाही, पण विरोध जिंकला तरी सातबारा आपोआप कोरा होत नाही.

आधी परिवेश पोर्टलवर, म्हणजे केंद्राच्या पर्यावरण मंजुऱ्यांच्या संकेतस्थळावर, कंपनीच्या नावाने शोधा. पर्यावरण मंजुरी मिळालेली असेल तर पत्रावरची तारीख टिपून घ्या. पूर्वी मुदत ५ वर्षं असे, २०१५ मध्ये ती ७ झाली आणि एप्रिल २०२२ पासून १०. वर आणखी एक वर्ष वाढवून मिळू शकतं. म्हणून जुन्या हिशेबाने ‘संपली’ म्हणू नका. मंजुरीच नसेल तर जनसुनावणी झाली का ते बघा. तिची नोटीस किमान ३० दिवस आधी यावी लागते.

खरी गुंतागुंत सातबाऱ्यावर असते. ‘इतर हक्क’ रकान्यात संपादनाचा शेरा असेल तर त्याचा फेरफार क्रमांक घ्या आणि तलाठ्याकडून फेरफाराची नक्कल काढा. तो शेरा तसाच राहिला तर वाटणी, कर्ज, खरेदीखत सगळं अडतं. भावाभावांत यावरून फाटलेलं मी पाहिलंय, आणि प्रकल्पाची एक वीटही तिथे लागली नव्हती. संपादन कोणत्या कायद्याने झालं, हेही नीट वाचा. २०१३ च्या भूसंपादन कायद्याखाली ताबा घेतलेली जमीन ५ वर्षं वापराविना पडली, तर कलम १०१ प्रमाणे ती मूळ मालकाला किंवा वारसांना परत जाते, नाहीतर सरकारी भूमी बँकेत, म्हणजे सरकारच्याच साठ्यात. या ‘नाहीतर’मुळेच गप्प बसू नका, परत मागणीचा लेखी अर्ज द्या. एमआयडीसीने १९६१ च्या कायद्याने घेतलेल्या जमिनीचा मार्ग वेगळा आहे.

शेवटी माहिती अधिकार. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. अर्जात एकच विषय ठेवा आणि १५० शब्दांत बसवा. “प्रकल्प रद्द झाला का?” असं विचारू नका, उत्तर गोलमोल येतं. “संपादन मागे घेतल्याचा आदेश आणि कंपनीशी झालेल्या पत्रव्यवहाराच्या प्रती द्याव्यात,” असं लिहा. तारखेच्या शिक्क्यासह पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. ३० दिवसांत उत्तर आलं नाही, तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करा.