गेमिंग पीसी असेंबल करायचाय? मग स्क्रीनपासून उलटं मोजत या

गेल्या दिवाळीत अकोल्याहून भाच्याचा फोन आला, "मामा, पंच्याहत्तर हजार जमलेत, आय-सेव्हनवाला गेमिंग पीसी बसवायचाय, लिस्ट करून दे ना." मी म्हटलं लिस्ट देतो, पण आधी सांग मॉनिटर कुठला घेणार आणि खेळणार काय काय, तर पलीकडे एकदम शांतता. मॉनिटर नंतर बघू म्हणे, सध्या हॉलमधल्या टीव्हीला जोडतो. बहुतेकांचं असंच होतं. सुरुवात प्रोसेसरच्या नावापासून होते, आणि पैसे संपत आले की उरलेल्या दोन-तीन हजारात एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, उरकून टाकतात. माझं म्हणणं बरोब्बर उलटं आहे. रोज डोळ्यासमोर जे दिसणार तिथून सुरू करा आणि एकेक पाऊल मागे येत कार्ड (गेमचं चित्र काढणारं ग्राफिक कार्ड), प्रोसेसर, बोर्ड (सगळे पार्ट ज्यावर बसतात तो मदरबोर्ड), रॅम ठरवा. भाच्याचा पीसी असाच केला, त्याच क्रमाने सांगतो.

१) आधी गेम लिहा, मग मॉनिटर ठरवा

कागद घ्या आणि पुढची दोन वर्षं खरंच खेळणार असाल असे चार-पाच गेम लिहून काढा. भाच्याने लिहिलं व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २, जीटीए ५ आणि सायबरपंक. यातले पहिले दोन ग्राफिक्सला हलके, पण त्यात फ्रेम (सेकंदाला दिसणारी चित्रं) भरपूर पाहिजेत आणि तो भार जास्त करून प्रोसेसरवर येतो. सायबरपंक मात्र ग्राफिक कार्डाचा पार घाम काढतो.

आता स्क्रीन. साध्या फुल एचडीत म्हणजे १९२० बाय १०८० मध्ये साधारण २०.७ लाख पिक्सेल असतात, १४४०पी म्हणजे २५६० बाय १४४० मध्ये जवळपास ३६.९ लाख, आणि फोरकेमध्ये ८३ लाखांच्या आसपास. प्रत्येक फ्रेमला कार्डाला एवढे पिक्सेल रंगवावे लागतात, म्हणजे हॉलमधल्या फोरके टीव्हीला मधल्या रेंजचं कार्ड जोडलं तर त्याच्यावर फुल एचडीच्या चौपट काम पडतं, मग गेम अडखळतो आणि लोक म्हणतात कार्डच बेकार निघालं.

दुसरी गोष्ट रिफ्रेश रेट, म्हणजे स्क्रीन सेकंदाला किती वेळा चित्र बदलते. ६० हर्ट्झवर नवी फ्रेम दर १६.७ मिलिसेकंदाला दिसते, १४४ हर्ट्झवर ६.९ ला. शूटिंग गेममध्ये हा फरक हाताला जाणवतो, एकदा सवय लागली की परत साठवर बसवत नाही. भाच्याला २४ इंची, फुल एचडी, १४४ हर्ट्झच्या वरचा आयपीएस (बाजूने बघितलं तरी रंग न बिघडणारा) मॉनिटर घेतला. २७ इंच घेणार असाल तर १४४०पी घ्या, २७ इंचावर फुल एचडी जरा दाणेदार दिसतं. आणि ३२ इंचापेक्षा मोठा हवा असेल तर त्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय.

२) ग्राफिक कार्ड, इथे हात आखडू नका

मॉनिटर सोडून जे बजेट उरतं त्यातले चाळीस टक्के तरी कार्डावर जाऊ द्या. गेमिंग पीसीमध्ये पैसा सगळ्यात जास्त दिसतो तो इथेच.

पण कार्ड "किती जीबीचं" यावर घेऊ नका. दुकानात अजून जीटी ७३० मिळतं, चार जीबीचं, डब्यावर आकडा ठळक छापलेला. ते कार्ड २०१४ सालचं आहे, मेमरी चार जीबी असली तरी आतली चिप आजच्या गेमपुढे काहीच नाही. नाव सारखं आणि माल वेगळा असंही असतं. आरटीएक्स ३०५० सहा जीबी आणि आठ जीबी दोन्हीत मिळतं, पण सहावाल्यात नुसती मेमरीच कमी नाही, कोअरसुद्धा (चिपमधले प्रत्यक्ष काम करणारे भाग) कमी आहेत. आरटीएक्स ५०६० टीआय आठ आणि सोळा जीबीत येतं, तिथे चिप तीच आहे, फक्त मेमरीचा फरक. म्हणून बिल करताना पूर्ण नाव आणि मेमरी दोन्ही वाचा.

फुल एचडीला आज आठ जीबी चालतं, फक्त काही नव्या गेममध्ये टेक्श्चर (वस्तूंवरच्या चित्रांचा बारकावा) एखादी पायरी खाली आणावं लागतं. १४४०पी खेळणार असाल तर बारा किंवा सोळा जीबीचंच बघा, म्हणजे इंटेलचं आर्क बी५८०, एएमडीचं आरएक्स ९०६० एक्सटी सोळा जीबी, ५०६० टीआय सोळा जीबी असलं काहीतरी. आर्क घेताना तुमच्या बोर्डात रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) आहे ना ते आधी बघा, ते नसेल तर त्या कार्डाचा जोर बराच कमी होतो.

आम्ही आरटीएक्स ५०६० घेतलं. या कार्डाला बोर्डाशी बोलायला सोळाऐवजी आठच लेन (डेटा जायच्या वाटा) आहेत. बोर्ड पीसीआय जेन ३ चा, म्हणजे या वाटांच्या जुन्या, कमी वेगाच्या पिढीचा, असेल तर वाट आणखी अरुंद होते, आणि कार्डाची मेमरी भरली की गेम झटके खायला लागतो. ही गोष्ट पुढे बोर्ड निवडताना कामाला येते.

सेकंडहँड कार्डाबद्दल बरेच जण विचारतात. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या डिजिटल चलनाचं मायनिंग (ग्राफिक कार्डांवर ते चलन कमवायचं काम) बंद झालं आणि तसली वापरलेली कार्डं बाजारात ढिगाने आली, त्यातली अजून फिरतायत. कार्ड सरसकट वाईट नसतं, पण घ्यायचं तर विकणाऱ्याच्या घरी जाऊन अर्धा तास गेम चालवून बघा, पंख्याचा आवाज ऐका, आणि बिलाची वॉरंटी बाकी असेल तरच घ्या.

३) प्रोसेसर आणि बोर्ड ही जोडी, एकत्रच निवडा

"आय-सेव्हन" हे इंटेलच्या प्रोसेसरचं नुसतं आडनाव आहे, माणूस कुठला ते पुढच्या आकड्यावरून कळतं. जुन्या पीसीच्या जाहिरातीत "आय-सेव्हन गेमिंग पीसी" म्हणून विकतात आणि आत निघतो आय-सेव्हन २६००, म्हणजे २०११ चा, चार कोअरचा, डीडीआर३ म्हणजे जुन्या पिढीच्या रॅमवाला, ज्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, हे धरून चला. भाच्याला हेच समजावलं, सहा कोअरचा रायझन ५ ५६०० त्या आय-सेव्हनला गेममध्ये खूप मागे टाकतो.

सॉकेटचं (बोर्डावर प्रोसेसर बसतो त्या जागेचं) गणित असं की एएमडीच्या एएम४ ला डीडीआर४ लागते, एएम५ ला फक्त डीडीआर५. इंटेलच्या १२, १३, १४ जनरेशनला एलजीए १७००, तिथे डीडीआर४ चा बोर्ड वेगळा आणि डीडीआर५ चा वेगळा. पुढे प्रोसेसर बदलत राहायचा असेल तर एएम५ घ्या, रायझन ५ ७५००एफ किंवा ७६०० आणि बी६५० बोर्ड ही चांगली सुरुवात आहे. बजेट आवळलेलं असेल आणि चार-पाच वर्षं काही बदलायचं नसेल तर एएम४ अजून मस्त चालतो. आम्ही ५६०० सोबत बी५५० बोर्ड घेतला, स्वस्तातला ए५२० मुद्दाम टाळला, कारण ए५२० वर जेन ३ आहे आणि वर सांगितलेली आठ लेनची अडचण तिथेच आली असती. बोर्डातले तीन-चारशे रुपयाचे दिवे नसले तरी चालेल, पण ही गोष्ट बघा.

प्रोसेसरच्या नावापुढे एफ असेल तर आत ग्राफिक्स नसतं, कार्ड बिघडून सर्व्हिसला गेलं तर तोवर स्क्रीन काळीच. ७६०० मध्ये छोटं ग्राफिक्स आहे, तेवढ्यासाठी मला तो आवडतो. आणि इंटेलच्या १३ आणि १४ जनरेशनचे वरचे प्रोसेसर घेणार असाल तर बोर्डाचं बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) पहिल्याच दिवशी अपडेट करा, जास्त व्होल्टेजमुळे ते हळूहळू खराब होत होते आणि इंटेलने ऑगस्ट २०२४ पासून त्यावर मायक्रोकोडचे (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांचे) अपडेट दिलेत.

४) रॅम, एक नको दोन घ्या

सोळा जीबी हवी तर आठ-आठच्या दोन पट्ट्या घ्या, सोळाची एक नको. डीडीआर४ ३२०० ची एक पट्टी सेकंदाला २५.६ जीबी डेटा देते, दोन लावल्या की ५१.२. दुकानदार म्हणेल एकच घ्या, पुढे वाढवता येईल, पण तोपर्यंतचे महिने प्रोसेसर अर्धपोटी चालणार त्याचं काय.

लावताना एक बघा. बोर्डात चार खाचा असतील तर प्रोसेसरकडून मोजून दुसरी आणि चौथी, पहिल्या दोन नाही. पट्टीवरची फट खाचेतल्या दांड्याशी जुळवा, दोन्ही टोकांवर अंगठे ठेवून सरळ खाली दाबा, टक असा आवाज येऊन क्लिप आपोआप मिटली पाहिजे. थोडा जोर लागतो, घाबरू नका. क्लिप मिटली नसेल तर पीसी चालू होऊनही डिस्प्ले येत नाही, आणि लोक उगाच बोर्ड परत करायला धावतात.

२०२५ च्या शेवटाला रॅमचे भाव जे भडकले त्याने सगळ्यांच्या लिस्टा बिघडल्यात, एआयच्या सर्व्हरना माल जातोय म्हणून. अशा वेळी बत्तीसचा हट्ट सोडून सोळावर थांबलात तरी आजचे बहुतेक गेम नीट चालतील.

५) एसएमपीएस, ज्यासाठी हा सगळा लेख लिहिला

माझ्या पहिल्या पीसीला कॅबिनेटसोबत फुकट आलेला एसएमपीएस होता. वर लिहिलेलं ५०० वॅट. आठ महिन्यांनी एका संध्याकाळी गेम चालू असताना फट्ट आवाज झाला, जळका वास आला आणि घराचा एमसीबी पडला. एसएमपीएस गेला तो गेलाच, जाताना बोर्ड आणि हार्ड डिस्क घेऊन गेला, आणि त्या डिस्कवर बहिणीच्या लग्नाचे फोटो होते. ते फोटो परत मिळाले नाहीत. तेव्हापासून मी कोणालाही इथे काटकसर करू देत नाही.

तो मेलेला डबा मी नंतर नीट वाचला. लेबलवर १२ व्होल्टच्या रांगेत लिहिलं होतं १६ अँपिअर. १२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॅट. प्रोसेसर आणि कार्ड जवळपास सगळी वीज याच १२ व्होल्टवरून ओढतात, त्यामुळे वरचा ५०० चा आकडा कामाचाच नव्हता. तुम्हीही दुकानात डबा हातात घ्या, १२ व्होल्टच्या खालचे अँपिअर बघा आणि मोबाईलवर गुणाकार करा. चांगल्या ५५० वॅटवाल्यात हा गुणाकार ५५० च्या अगदी जवळ येतो.

किती वॅट लागतात? भाच्याचा हिशोब सांगतो. ५६०० चे सत्तर-ऐंशी, ५०६० चे १४५, बोर्ड, एसएसडी, पंखे मिळून पन्नास धरा, एकूण २८० च्या आत. त्यावर ५५० वॅटचा घेतला, कारण कार्ड क्षणभरासाठी जास्तही ओढतं, आणि अर्ध्या भाराला एसएमपीएस थंड आणि शांत राहतो. ८० प्लस ब्राँझ, गोल्ड हे शिक्के विजेची बचत सांगतात, आतला माल किती टिकाऊ ते नाही. टिकाऊपणा वॉरंटीवरून ओळखा, पाच वर्षांपेक्षा कमी असेल तर मी ठेवून देतो.

याच्याइतकंच महत्त्वाचं म्हणजे घराचं अर्थिंग. कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येत असतील तर ते नॉर्मल नाही, अर्थिंग नाही म्हणून एसएमपीएसच्या फिल्टरमधून निम्मा व्होल्टेज पत्र्यावर येतोय. वायरमनला बोलावून न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज मोजायला सांगा, दोन-तीन व्होल्टच्या आत असावा. जुन्या चाळीत, वाड्यात हे हमखास बिघडलेलं असतं. यूपीएस घेणार असाल तर ६०० व्हीएवाला साधारण ३६० वॅटच देतो हे लक्षात ठेवा.

६) एसएसडी आणि कॅबिनेट

एक टीबीची एनव्हीएमई (थेट बोर्डात बसणारी वेगवान) एसएसडी घ्या, जेन ३ की जेन ४ यात गेमला फारसा फरक पडत नाही. पाचशे जीबी दोन-चार मोठ्या गेममध्ये भरते.

कॅबिनेट पुढून जाळीचं घ्या, काचेचं नको. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो, आणि खोली जितकी तापते तितकंच आतलं सगळं वर चढतं. पुढे दोन पंखे आत ओढणारे, मागे एक बाहेर टाकणारा, बस झालं. कार्डाची लांबी आणि कॅबिनेटमध्ये किती मिलिमीटर जागा आहे हे दोन्ही आकडे घ्यायच्या आधी जुळवा.

७) खरेदी

मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली, नाहीतर ऑनलाइन, तीन ठिकाणी भाव काढा आणि ते सगळे जीएसटी धरून विचारा. "बिल नको असेल तर कमी करतो" म्हणणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणा. पक्कं बिल आणि त्यावर प्रत्येक पार्टचा सिरियल नंबर पाहिजेच. आणि वॉरंटी भारतातली आहे का ते कार्डाच्या बाबतीत खास विचारा, बाहेरून आणलेला माल स्वस्त असतो पण बिघडला की इथे कोणी दारात उभं करत नाही.

८) जोडून झाल्यावर

मॉनिटरची केबल ग्राफिक कार्डाला लावा, बोर्डाला नाही. बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी किंवा एक्सपो (रॅमला पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) चालू करा, नाहीतर ३२०० ची रॅम २४००-२६६६ वर आणि ६००० ची ४८०० वर चालत राहते. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीखाली स्पीड दिसतो, तिथे खात्री करा.

आणि विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट स्वतः बदला. भाच्याचा तीन आठवड्यांनी फोन आला, "मामा, सगळं छान चाललंय पण काही खास स्मूद वाटत नाही." व्हिडिओ कॉलवर सेटिंग उघडायला लावलं तर तिथे ६० हर्ट्झ. बदललं आणि त्याने माउस नुसता गोल फिरवला, काही न बोलता, परत परत. मग म्हणाला, थांब मामा, एक मॅच खेळून येतो.