संधिवात असेल तर पाण्यातल्या व्यायामाचा क्लास कसा सुरू करायचा

सगळ्यात आधी, पोहता यायला पाहिजे हे डोक्यातून काढून टाका. या क्लासमध्ये बहुतेक वेळ पाय तळाला टेकलेले असतात आणि डोकं पाण्याबाहेर. कंबरेएवढ्या पाण्यात उभं राहिलं की पायांवर साधारण निम्मंच वजन येतं, छातीएवढ्या पाण्यात तर त्याहूनही कमी, म्हणून जिना चढताना जो गुडघा ठणकतो तोच पाण्यात बऱ्यापैकी वाकतो.

नाव घालायच्या आधी पूल बघून या. पाणी कोमट हवं, २८ ते ३१ डिग्रीच्या आसपास, गार पाण्यात सांधे अजूनच आखडतात. आणि उतरायला कठडा असलेल्या पायऱ्या किंवा उतार आहे का ते बघाच, उभी शिडी असेल तर जाताना कसंतरी जमतं पण दमल्यावर वर येताना गुडघ्यांचे फार हाल होतात. मला विचाराल तर फक्त शिडी असलेला पूल घेऊच नका.

हार्टचा त्रास, कंट्रोलमध्ये नसलेलं बीपी, फिट येणं, नुकतंच ऑपरेशन किंवा उघडी जखम यातलं काही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरायचं नाही. आमवात असेल आणि मान दुखत असेल तर तेही आधी दाखवून घ्या.

पहिल्या दिवशी ट्रेनरला स्पष्ट सांगा, कुठला सांधा दुखतो, काय वाकत नाही. लाजायचं काय त्यात, तिथे सगळे त्याचसाठी आलेले असतात! कठड्याजवळची जागा धरा, न घसरणारे पाण्यातले शूज घाला. सुरुवातीला पाच-दहा मिनिटं नुसतं चालायचं, पुढे, मागे, आडवं, मग पाय बाजूला उचलणं, गुडघा वाकवणं, खांदे पाण्याखाली ठेवून हात फिरवणं.

आता खरी गोष्ट. पाण्यात वेग हेच वजन असतं. हात सावकाश फिरवला तर हलकं वाटतं, जोरात फिरवला की पाणी तेवढंच जोरात अडवतं, म्हणजे किती ताकद लावायची ते तुमच्याच हातात. म्हणून शेजारची बाई भराभर करतेय म्हणून आपण तिच्या तालावर जायचं नाही, ग्रुपमध्ये नेमकी हीच चूक होते. बोटांचे सांधे दुखत असतील तर फोमचे डंबेल घट्ट धरू नका, तळवा उघडा ठेवून पाणी ढकललं तरी भरपूर व्यायाम होतो.

पाण्यात घाम कळत नाही पण येतो, बाटली काठावर ठेवा. बाहेर येताना शरीर एकदम जड वाटेल, पायरीवर कठडा धरून थोडं थांबा आणि मगच चाला.

किती झेपलं हे ओळखायचं कसं? क्लास संपल्यावर दोन तासांनी सांधा आधीपेक्षा जास्त दुखत असेल तर जास्त झालं, पुढच्या वेळी वेळ किंवा वेग कमी करा, क्लास सोडू नका. आठवड्यातून दोन-तीनदा पुरे, सुरुवातीला अर्धं सेशन करून बाहेर आलात तरी चालतं. सांधा सुजलेला, गरम असेल त्या दिवशी मात्र जोर अजिबात लावायचा नाही, ट्रेनरला सांगून जेवढं सहज होईल तेवढंच सावकाश हलवा.