मोठ्या संख्येचे मूळ अवयव हाताने कसे शोधावेत?

नऊ अंकी संख्या दिसली की हात आपसूक कॅल्क्युलेटरकडे जातो. तो जरा बाजूला ठेवा आणि कागद घ्या. १ ते ९ हे अंक ओळीने लिहून होणारी १२,३४,५६,७८९ ही संख्या आपण फोडून बघू.

आधी सोप्या कसोट्या. शेवटचा अंक ९, म्हणजे २ आणि ५ बाद. अंकांची बेरीज ४५, म्हणून ९ ने भाग जातो. ७, ११ आणि १३ यांची कसोटी मात्र एकदमच उरकते, कारण ७ × ११ × १३ = १००१. उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडा आणि एकाआड एक वजा-अधिक करा: ७८९ − ४५६ + १२३ = ४५६. या ४५६ ला तिघांपैकी कुणानेच भाग जात नाही, त्यामुळे आपल्या संख्येलाही जात नाही.

आता ९ ने भागा. उरले १,३७,१७,४२१. अंकांची बेरीज २६, म्हणजे ३ चे काम संपले.

बहुतेक जण अडतात ते इथे. १७, १९, २३ असे ओळीने भागत गेलात, तर पहिला अवयव सापडेपर्यंत पाचशेच्या आसपास भागाकार होतील. त्याऐवजी १७व्या शतकातले फ्रेंच गणिती पिएर द फर्मा यांची रीत वापरा. मला ती फार आवडते, कारण तिला शाळेतले क² − ख² = (क + ख)(क − ख) एवढेच सूत्र पुरते. एखाद्या क च्या वर्गातून आपली संख्या वजा करून पूर्ण वर्ग ख² उरला, की (क + ख) आणि (क − ख) हेच तिचे अवयव.

उरलेल्या संख्येचे वर्गमूळ ३७०३ हून थोडे जास्त येते. म्हणून ३७०४ पासून सुरुवात करा. ३७०४ चा वर्ग १,३७,१९,६१६. त्यातून आपली संख्या वजा केली की २१९५ उरतात. ४६ चा वर्ग २११६, ४७ चा २२०९. म्हणजे हा पूर्ण वर्ग नाही. पुढचा ३७०५. वर्ग १,३७,२७,०२५, वजाबाकी ९६०४. आणि ९६०४ म्हणजे ९८ चा वर्ग! दुसऱ्याच प्रयत्नात अवयव हाती आले: ३७०५ − ९८ = ३६०७ आणि ३७०५ + ९८ = ३८०३.

अवयव एकमेकांच्या जवळ असतील तरच ही रीत इतकी झटपट चालते. आरएसए या संदेश गुप्त ठेवण्याच्या कूटलेखन पद्धतीसाठी दोन प्रचंड मूळ संख्या निवडताना त्या फार जवळच्या घेत नाहीत, त्याचे एक कारण हेच.

हे दोन्ही अवयव मूळ आहेत का, तेही तपासा. ३८०३ चे वर्गमूळ ६२ हून कमी आहे आणि १३ पर्यंतच्या मूळ संख्या आपण आधीच बाद केल्या आहेत. राहिल्या १७ ते ६१ मधल्या फक्त बारा. एकीनेही भाग जात नाही.

म्हणून १२,३४,५६,७८९ = ३² × ३६०७ × ३८०३.

यावरून बाकीचे गुणधर्म पटकन निघतात. प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणाकार करा: ३ × २ × २ = १२ विभाजक. त्यांची बेरीज (१ + ३ + ९) × ३६०८ × ३८०४ = १७,८४,२२,८१६. त्यातून खुद्द संख्या वगळली की राहतात ५,४९,६६,०२७. ही बेरीज खुद्द संख्येहून कमी असेल तर तिला न्यून संख्या म्हणतात; इथे तर ती निम्मीही नाही, म्हणजे ही न्यून संख्या आहे.