घट वाजवायला घेताना या चुका टाळा

यवतमाळकडच्या खेड्यांतील भजनी मंडळांत खंजिरीच्या जोडीला मातीचा घट वाजवण्याची हौस मुलांना लागली, तर त्यांतले बहुतेक जण आधी आठवडी बाजारातून पाण्याचा माठ उचलून आणतात. पाणी झिरपून गार व्हावे म्हणून माठाचे अंग सच्छिद्र ठेवलेले असते, त्यामुळे तो वाजवायला घेतला की बदबद आवाज करतो. तमिळनाडूतील मानामदुराईचा खास वाजवण्याचा घट मात्र जाड, जड आणि कसून भाजलेला असतो. आपल्या गावच्या कुंभाराला बारीक गाळलेली माती, सगळीकडे सारखी चोपलेली भिंत आणि कडक भाजणी एवढे सांगून ठेवा, आणि दोन महिने थांबा. तेवढा धीर नसेल तर खंजिरीच बरी.

दुसरी चूक म्हणजे सूर जुळवण्यासाठी घटात पाणी ओतणे. जलतरंगाच्या वाट्यांवरून ही कल्पना डोक्यात शिरते. एका हरिनाम सप्ताहात हार्मोनियमच्या काळी एकशी (पहिल्या काळ्या पट्टीच्या सुराशी) जुळवण्यासाठी एका हौशी तरुणाने घटात दोन तांबे पाणी ओतले. भिंतीवरच्या बोटांचा आवाज खाली उतरला. पण तोंडावर थाप मारल्यावर निघणारा घुमारा उलट वर चढला, कारण तो आतल्या हवेचा असतो आणि पाण्याने हवेची जागा कमी केली होती. मग गडबडीत पाणी ओतून टाकून त्याने ओला घट मंडपामागच्या चुलीवर शेकायला ठेवला, आणि पहिला अभंग सुरू होण्याआधीच घटाला उभा तडा गेला. मी तर हार्मोनियमच कुंभाराकडे नेतो आणि भट्टीतून निघालेल्या घटांतून पाहिजे त्या सुराचा किंवा किंचित चढा घट निवडतो. आतून मेण चिकटवून तो थोडा उतरवता येतो, चढवता मात्र येत नाही.

पावसाळ्यात घट दमट होऊन मंद वाजतो. तो सावलीत वाऱ्यावर सुकवावा. खाली चुंबळ घ्यावी. मनगटातले कडे काढून ठेवावे. तडा एम-सीलने बुजतो, पण आवाज परत येत नाही.

मोबाइलवर नायजेरियातील इग्बो लोकांचा उडू, म्हणजे कडेला छिद्र असलेला वाजवायचा घट, पाहून भाजलेल्या घटाला ड्रिलने कडेचे छिद्र पाडणारेही भेटतात. ते छिद्र माती अर्धवट सुकलेली असतानाच कुंभाराकडून कापून घ्यावे लागते.